इंग्लंडच्या सौम्य टेकड्यांवर माउंटन बाइकिंग: वाट, माती आणि पहिली राइड

दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांची उंची ऐकून सिंहगडावर नियमित जाणारा माणूस फारसा प्रभावित होणार नाही. साउथ डाउन्समधलं बट्सर हिल २७० मीटर, चिल्टर्न्समधलं हॅडिंग्टन हिल २६७, सरे हिल्समधलं लीथ हिल २९४. तरीही या मुलुखात दिवसभर सायकल चालवली की पाय चांगलेच भरून येतात. आरुन, एडर, ऊझ, ककमिअर या नद्यांनी डाउन्सची रांग आडवी कापली आहे. प्रत्येक नदीपाशी वाट जवळजवळ समुद्रसपाटीला उतरते आणि पलीकडे पुन्हा दोनशे मीटर चढते. विंचेस्टर ते ईस्टबोर्न हा साउथ डाउन्स वे १६० किलोमीटरचा आहे आणि त्यातले सगळे चढ एकत्र केले तर बेरीज ४००० मीटरच्या आसपास जाते.

रेडिंग, स्लाव, स्विंडन, मिल्टन कीन्स आणि लंडनमध्ये आता मराठी माणसं भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या घरापासून अशी एखादी टेकडी तासा-दीड तासावर असते. पण सायकल घेतली, दोन रविवार गेलो आणि मग ती गॅरेजमध्ये पडून राहिली, असंच मी जास्त ऐकते. याचं कारण सहसा चढ नसतो. एकतर चुकीच्या वाटेवर शिरल्यामुळे कुणीतरी हटकलेलं असतं, नाहीतर नोव्हेंबरात चिकणमातीत चाकं रुतलेली असतात. म्हणून या लेखात वाटेचा हक्क आणि मातीची जात या दोन गोष्टींना मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. सायकलीची निवड त्यानंतर येते.

पहिली पायरी: कुठल्या वाटेवर सायकल चालते

इंग्लंडमध्ये शेतांतून, रानांतून, खाजगी जमिनींतून सार्वजनिक वाटा जातात. जमीन कुणाच्याही मालकीची असो, त्या वाटेवरून जायचा हक्क लोकांचा. मात्र प्रत्येक वाटेवर प्रत्येकाला हक्क नाही. चार प्रकार पक्के लक्षात ठेवा.

फुटपाथ म्हणजे इथे रानातली पायवाट. खांबावर पिवळा बाण. ही फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, सायकलीला इथे हक्क नाही. पिवळ्या बाणाच्या वाटेवर सायकल चालवणं साधारणपणे फौजदारी गुन्हा ठरत नाही, पण जमीनमालकाच्या दृष्टीने ती घुसखोरी असते आणि तो तुम्हाला परत पाठवू शकतो.

ब्रायडलवे म्हणजे घोडेस्वारांची वाट, निळा बाण. १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने या वाटांवर सायकलींना परवानगी दिली, पण एका अटीवर: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपलं जवळजवळ सगळं माउंटन बाइकिंग या निळ्या बाणांवर चालतं. त्याशिवाय जांभळट बाणाचा रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल बाणाचा बायवे या दोन्हींवर सायकल चालते. लाल बाणाच्या वाटेवर मोटारसायकली आणि जीपही येऊ शकतात, त्यामुळे तिथे चाकोऱ्या खोल असतात.

बाण तुटलेला असेल किंवा झुडपात लपला असेल तर फाटकाकडे बघा. ब्रायडलवेवर नेहमी घोडा जाईल असं फाटक असतं, बऱ्याचदा त्याला खोगिरावरून हात पोचेल अशी उंच दांड्याची कडी असते. कुंपणावर चढून पलीकडे उतरायच्या लाकडी पायऱ्या, ज्यांना इथे स्टाइल म्हणतात, त्या समोर आल्या की समजा, तुम्ही फुटपाथवर आला आहात. सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे टाकण्याऐवजी मागे वळा आणि निळा बाण कुठे सुटला ते शोधा.

आणखी एक खूण फसवते. राष्ट्रीय पायवाटांच्या पाट्यांवर ओकच्या फळाचं चित्र असतं. साउथ डाउन्स वेवर या फळामागे निर्धास्त जाता येतं, पण नॉर्थ डाउन्स वे किंवा रिजवेचा पूर्वेकडचा भाग घ्या, तिथे तेच फळ लांबच लांब फुटपाथवरही दिसतं. फळ पाहिलं तरी बाणाचा रंग पाहायचाच.

मोकळ्या माळरानावर ओपन अ‍ॅक्सेसची पाटी दिसली तर तो हक्क फक्त चालण्यासाठी आहे, हेही सांगून ठेवते.

दुसरी पायरी: माती आणि महिना

लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर. तरीही इथला चिखल नोव्हेंबर ते मार्च हलत नाही. पाऊस थोडा थोडा, पण बाराही महिने पडतो आणि हिवाळ्यात ऊन इतकं तिरकं आणि थोडा वेळ असतं की जमीन वाळतच नाही. आपल्याकडे दिवाळीपर्यंत वाटा कडक होतात. इथे त्याच सुमारास त्या बिघडायला लागतात. म्हणून उद्या कुठे जायचं हे हवामानाच्या अंदाजावरून ठरवण्याआधी पायाखाली कुठली जमीन आहे ते बघायचं.

साउथ डाउन्स आणि नॉर्थ डाउन्स या खडूच्या टेकड्या आहेत, फळ्यावर लिहायच्या पांढऱ्या खडूच्या जातीचा खडक. पाणी त्यातून झिरपून खाली जातं, त्यामुळे पावसानंतर या वाटा इतरांपेक्षा लवकर चालण्याजोग्या होतात. धोका असतो तो ओल्या, घासून गुळगुळीत झालेल्या उघड्या खडूवर. तिथे टायरची पकड क्षणात जाते, विशेषतः उतारावर ब्रेक दाबून वळताना.

चिल्टर्न्सचा पायाही खडूचाच आहे, पण माथ्यावर गारगोट्या मिसळलेली चिकणमाती बसली आहे. बीच झाडांच्या राईतून जाणाऱ्या तिथल्या वाटा मे ते ऑक्टोबर अतिशय सुंदर असतात. हिवाळ्यात मात्र माती चाकाला गुंडाळत जाते आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, अडकून चाक थांबवते. पावसात काळ्या रानातून सायकल ढकलली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. दोन्ही डाउन्सच्या मधल्या वील्ड भागात सखल जागी अशीच चिकणमाती आहे. तिथले ब्रायडलवे मी हिवाळ्यात पूर्ण सोडून देते, आणि तुम्हीही सोडावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या चिकणमातीत चाकांनी आणि टापांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढचा सगळा उन्हाळा तशाच कडक होऊन राहतात आणि चालणाऱ्यांचे पाय मुरगळतात.

हिवाळ्यासाठी वाळूची जमीन शोधा. सरे हिल्समधलं लीथ हिल, होमबरी हिल, पिच हिल हे सगळं वाळूच्या दगडाचं आहे. ब्रॅकनेलजवळचं स्विनली फॉरेस्ट आणि नॉरफक-सफक सीमेवरचं थेटफर्ड फॉरेस्ट रेताड जमिनीवर आहे. मिडलंड्समध्ये राहत असाल तर कॅनक चेसखाली गोट्यांचा थर आहे, तिथेही पाणी साचत नाही. २०२२च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ खेळांतल्या माउंटन बाइक शर्यती तिथेच झाल्या.

म्हणजे ढोबळ वेळापत्रक असं: डिसेंबर ते फेब्रुवारी वाळू. मार्च-एप्रिलमध्ये खडू, तोही दोन-तीन दिवस कोरडे गेल्यावर. मे ते सप्टेंबर चिकणमातीसकट सगळीकडे. ऑक्टोबरात पुन्हा खडू, कारण जंगलात गळलेल्या पानांखाली मुळं दिसत नाहीत.

तिसरी पायरी: सायकल आणि सामान

या भागासाठी पुढे १०० ते १२० मिलिमीटर दबणारा फोर्क असलेली, मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल पुरते. मागच्या सस्पेन्शनचे पैसे चांगल्या ब्रेकवर आणि टायरवर घाला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असावेत, मागे १२ दातेरी चक्रांची मोठी कॅसेट असेल तर चढाला बरं. कंपनीत सायकल टू वर्क योजना असेल तर आधी एचआरला विचारा. पगारातून करापूर्वी हप्ते कापले जात असल्याने करपात्र उत्पन्नाच्या टप्प्यानुसार साधारण पंचवीस ते चाळीस टक्के वाचतात. विजेवर चालणारी सायकल २५० वॉट आणि ताशी १५.५ मैलांच्या मर्यादेत असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती सायकलच, ब्रायडलवेवर चालते. गुडघे कुरकुरत असतील तर बिनधास्त घ्या.

टायरबद्दल थोडं सविस्तर. डाउन्स आणि चिल्टर्न्समध्ये खडूत गारगोट्या असतात. फुटलेल्या गारगोटीची धार ब्लेडसारखीच कापते, म्हणून ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरणं हा इथे चैनीचा भाग राहत नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २.३ ते २.४ इंचांच्या टायरमध्ये २२ ते २६ पीएसआय हवा ठीक. मागे पुढच्यापेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवा. राइडवरून परत आलात की चाक हळूहळू फिरवून रबर डोळ्यांखालून घाला. काळसर चकचकीत बारीक टोक दिसलं तर ती रुतलेली गारगोटी असते. सेफ्टी पिनच्या टोकाने उकरून काढा. ती ठेवली तर प्रत्येक फेरीत थोडी थोडी आत सरकते आणि तिसऱ्या राइडला, घरापासून सगळ्यात लांबच्या जागी, आरपार जाते.

पाठीवरच्या पिशवीत: एक ट्यूब, पंप, ट्यूबलेसचे प्लग, मल्टीटूल, चेनची जोडकडी, पातळ वॉटरप्रूफ, आणि रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापून धुतलेला तुकडा. टायरची कड फाटली तर तो आतून लावून हवा भरा, घरापर्यंत टायर तग धरतो. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही. तरी त्याशिवाय निघू नका. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणि गुळाची दशमी यांना तोड नाही, थंडीत दगड होत नाहीत आणि खिशात चुरा होत नाही.

चौथी पायरी: आधी ट्रेल सेंटर

नैसर्गिक ब्रायडलवेवर जाण्याआधी एक-दोन दिवस ट्रेल सेंटरमध्ये, म्हणजे खास सायकलींसाठी बांधलेल्या वाटांवर, घालवा. वाट चुकायची भीती नाही, समोरून कुणी येत नाही, त्यामुळे लक्ष फक्त शरीरावर ठेवता येतं. हिरवा रंग सोपा, निळा मध्यम, लाल अवघड, काळा फार अवघड. स्विनलीत निळा ट्रेल साधारण १० किलोमीटरचा आणि लाल साधारण १३ किलोमीटरचा आहे. थेटफर्डला हाय लॉजपासून, कॅनकला बर्चेस व्हॅलीपासून सुरुवात होते. ग्लॉस्टरशरच्या फॉरेस्ट ऑफ डीनमधला व्हर्डरर्स हा निळा ट्रेल पहिल्या दिवसासाठी मला सगळ्यात आवडतो, वळणं मोठी आणि उतार मोकळे आहेत.

निळा ट्रेल दोनदा करा आणि या गोष्टी अंगवळणी पाडा. उतारावर उभं राहायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर आणि वाकलेले. ब्रेकवर एकच बोट. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. नजर चाकापुढच्या मुळावर नको, वाट जिथे दिसेनाशी होते तिथे हवी. मुळं आडवी ओलांडायची, त्यांच्यावर असताना ब्रेक आणि वळण दोन्ही बंद.

चढावर नवशिक्यांचा वेळ जातो तो गिअरमध्ये. चढ लागण्याआधी हलका गिअर टाका. जोर लावलेला असताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते, कधी तुटते. उभा चढ आला की सीटच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे न्या. मागचं चाक फिरलं तर वजन थोडं मागे, पुढचं उचललं गेलं तर थोडं पुढे. हे शब्दांत सांगून येत नाही, स्विनलीच्या एका सकाळीत येतं.

पाचवी पायरी: नकाशावर वाट आखणं

फोनवरच्या अ‍ॅपने सुचवलेल्या मार्गावर डोळे मिटून जाऊ नका. कित्येक अ‍ॅप सायकलस्वाराला बिनदिक्कत फुटपाथवरून नेतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी वेष्टनातला एक्सप्लोरर नकाशा घ्या, प्रमाण १:२५,०००. छापील नकाशाबरोबर फोनवर उतरवून घ्यायचा कोडही मिळतो.

त्यावर आखूड हिरव्या तुटक रेघा म्हणजे फुटपाथ, लांब हिरव्या रेघा म्हणजे ब्रायडलवे, हिरव्या अधिक-चिन्हांची ओळ म्हणजे बायवे. नुसत्या काळ्या तुटक रेघेचा अर्थ एवढाच की जमिनीवर वाट आहे. तिच्यावर तुमचा हक्क आहे असं तिच्यावरून ठरत नाही.

चढ असा मोजा. या नकाशावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि सखल भागात समोच्च रेषा दर ५ मीटरला असते. वाटेवर १ सेंटीमीटरमध्ये ५ रेषा आल्या तर २५० मीटरमध्ये २५ मीटर, म्हणजे १० टक्के चढ. दमाने चढता येतो. १ सेंटीमीटरमध्ये १० रेषा म्हणजे २० टक्के, तिथे खडबडीत वाटेवर बहुतेक जण उतरून ढकलतात. त्यामुळे वाट शक्यतो अशी फिरवा की चढताना रेषा विरळ आणि उतरताना दाट येतील.

वेळेचा हिशोब सढळ ठेवा. डांबरी रस्त्यावर तासाला २० किलोमीटर जाणाऱ्या माणसाने इथे फाटकं, चढ आणि चहा धरून तासाला ८ ते १० किलोमीटरच धरावेत. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आधी सूर्य बुडतो. हिवाळ्यात दुपारी अडीचला टेकडीवर असाल तर दिवा सोबत हवाच.

एक राइड, पहिल्यापासून शेवटपर्यंत: अ‍ॅम्बर्ली ते शोरम

ट्रेल सेंटरनंतरची पहिली खरी राइड म्हणून मी हीच सुचवते. गाडी नको, दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन, अंतर साधारण २७-२८ किलोमीटर, चढ ५०० मीटरच्या आसपास. नकाशे ओएल १० आणि ओएल ११.

लंडन व्हिक्टोरियाहून हॉर्शममार्गे अ‍ॅम्बर्लीला जायचं. शनिवार-रविवार निवडा. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते १० लंडनला पोचणाऱ्या आणि दुपारी ४ ते ७ लंडनहून सुटणाऱ्या सदर्न या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत न घडी होणारी सायकल चालत नाही. रविवारी निघण्याआधी रुळांची कामं आहेत का तेही बघा, कारण गाडीऐवजी जी बस देतात ती सहसा सायकल घेत नाही.

अ‍ॅम्बर्ली स्टेशन आरुन नदीकाठी आहे, म्हणजे तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघता. बी २१३९ रस्त्याने थोडं उत्तरेकडे जाऊन उजवीकडे हाय टिटन या अरुंद रस्त्याला लागा. इथून रॅकहम हिलपर्यंत, १९० मीटरच्या वर, सलग चढ. दिवसातला सगळ्यात कठीण भाग हाच, आणि तो पाय ताजे असताना येतो हे उत्तम. निम्म्यावर वाट इतकी उभी होते की सायकलवरून उतरण्यात काही कमीपणा नाही.

माथ्यावर आलात की पुढचे काही किलोमीटर जवळजवळ सपाट. उजवीकडे दूर समुद्र, डावीकडे टेकडीचा कडा तुटून खाली वील्डची शेतं पसरलेली. मार्च ते जुलै चंडोल इथे गवतातच घरटी करतात. वाट सोडून कडेला सायकल घालायची नाही ती यासाठी. चँट्री पोस्टच्या पार्किंगवरून, किथर्स्ट हिलच्या बाजूने वाट पूर्वेला जात राहते.

मग येतो ए २४. साउथ डाउन्स वेचा सरळ फाटा या दुपदरी महामार्गावर उतरतो आणि भरधाव गाड्यांमधून तो पार करावा लागतो. तो फाटा घेऊ नका. बार्न्सफार्म हिलवर डावीकडे पर्यायी मार्गाची पाटी आहे, ती वॉशिंग्टन गावात नेते आणि तिथे पुलावरून महामार्ग ओलांडता येतो. दोन किलोमीटर वाढले तरी हरकत नाही. गावात पब आहे, जेवण किंवा निदान लिंबूपाणी तिथेच घ्या, कारण समोर दुसरा मोठा चढ उभा आहे.

तो चढ चँक्टनबरी रिंगला नेतो, २३८ मीटर. हा लोहयुगीन किल्ला. मातीच्या तटाच्या आत बीच झाडांचं वर्तुळ आहे, १७६० मध्ये चार्ल्स गोरिंग यांनी लावलेलं. १९८७च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या वादळात त्यातली बहुतेक झाडं उन्मळून पडली. आज दिसतात ती बरीचशी नंतरची लागवड आहे. तटावरून सायकल नेऊ नका, संरक्षित स्मारक आहे. सायकल वाटेच्या कडेला आडवी ठेवून पायी एक चक्कर मारा.

इथून एडर नदीपर्यंत दिवसाचं बक्षीस. स्टेनिंग बोलच्या खोलगट कडेवरून, अ‍ॅनिंग्टन हिलच्या उतारावरून वाट बॉटल्फ्सला खाली येते. हा उतार लांब आणि मोकळा असल्यामुळे वेग नकळत वाढतो. खडू ओला असेल तर एक नियम पाळा: खरखरीत, खडे असलेल्या पट्ट्यावर ब्रेक, पांढऱ्या चकाकणाऱ्या पट्ट्यावर ब्रेक सोडून सरळ. उताराच्या मध्ये फाटक येऊ शकतं आणि त्यामागे माणसंही, त्यामुळे दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग ठेवायचा.

नदीपाशी पाण्याचा नळ आहे, बाटल्या भरा. तिथेच डाउन्स लिंकची पाटी मिळते. ही १९६६ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट. नदीच्या संगतीने दक्षिणेकडे सहा-एक किलोमीटर, वाटेत बंद पडलेला अवाढव्य सिमेंट कारखाना आणि पलीकडच्या टेकडीवर लॅन्सिंग कॉलेजचं उंच चॅपल. ही वाट संपते शोरम-बाय-सीला, स्टेशनच्या जवळ. दम उरला असेल तर समुद्रावर जाऊन या.

घोडे, गाई आणि फाटकं

घोडा हा घाबरट प्राणी आहे आणि मागून आवाज न करता येणारी सायकल त्याला शिकारी जनावर वाटते. घोडा दिसताच, बऱ्याच लांबूनच, वेग कमी करा आणि मोठ्याने पण शांतपणे "हॅलो" म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सावरतो, स्वाराला तयारीला वेळ मिळतो. घंटी अगदी जवळ जाऊन वाजवू नका. "पुढे जाऊ का?" असं विचारून, तो सांगेल त्या बाजूने, भरपूर अंतर ठेवून, चालण्याच्या वेगाने जा. समोरून येत असेल तर बाजूला थांबा. हे सौजन्यही आहे आणि वर सांगितलेल्या कायद्याची अटही.

गाईंच्या कळपात वासरं असतील तर उतरा आणि लांबून वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच नाही. कळप मागे यायला लागला तर पळू नका. सायकल तुमच्या आणि जनावरांच्या मध्ये धरून शांतपणे फाटकाकडे चालत राहा. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, बंद होतं तर बंद आणि शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलं असेल तर उघडं. चार-पाच जण असाल तर शेवटच्याने कडी हाताने हलवून बघायची; स्प्रिंगची कडी अर्धवट बसते आणि मेंढ्या रस्त्यावर येतात.

१ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम. बंदुकीचे बार ऐकू आले तरी सार्वजनिक वाट चालूच असते. थांबून आपण आहोत हे दाखवा, शिकारी थांबले की निघा.

मदत लागली तर ९९९. आधीच फोनवरून ९९९ या क्रमांकावर 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत मेसेज करून नोंदणी करून ठेवा. दऱ्यांमध्ये आवाज पोचेल इतकी रेंज नसली तरी मेसेज कधी कधी जातो. जागा सांगताना नकाशावरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे चौकटींवरून वाचलेली अक्षरं आणि आकडे, द्या.

घरी आल्यावर

आधी अंग तपासा, मग सायकल. एप्रिल ते ऑक्टोबर उंच गवतात आणि नेच्यांत गोचीड असते. तिची पिल्लं एक-दोन मिलिमीटरची, सहज नजरेतून सुटतात. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा, मुलांच्या केसांतही. सापडली तर अणकुचीदार चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल, नेलपॉलिश, काडी यांच्या नादी लागू नका. पुढच्या काही आठवड्यांत चावलेल्या जागी पसरत जाणारा लालसर गोल चट्टा आला तर थेट जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि गोचीड चावल्याचं सांगा. लाइम आजार वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर बरा होतो.

खडूचा चिखल वाळला की घट्ट बसतो, म्हणून सायकल त्याच दिवशी धुवा. साध्या नळीने, हलक्या धारेने. जोराच्या फवाऱ्याने हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं. चेन पुसून कोरडी झाल्यावरच तेल, हिवाळ्यात ओल्या हवेचं जाड तेल. ब्रेक पॅडची जाडी डोळ्यांनी बघा. रेताड चिखलात पॅड एका हिवाळ्यात संपू शकतात, आणि तिथे ऑरगॅनिकपेक्षा धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात.

यानंतर कुठे

स्विंडनकरांनी रिजवे घ्यावा. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत, ७० किलोमीटरच्या आसपास, सगळीकडे सायकलीला हक्क आहे. वाटेत पाच हजारांहून अधिक वर्षं जुनी वेलंड्स स्मिदी ही समाधी आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी टेकडीच्या गवतात कोरलेला अफिंग्टनचा पांढरा घोडा. थेम्स ओलांडली की पूर्वेचा बराच भाग फुटपाथ आहे, तिथे थांबा. वळणावळणाच्या अरुंद ट्रेलची आवड असेल तर सरे हिल्समधल्या पीसलेक गावी जा. गावातल्या दुकानातले चीज स्ट्रॉ सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहेत, आणि गॉमशल स्टेशन जवळ आहे.

संपूर्ण साउथ डाउन्स वे तीन दिवसांत आरामात होतो. मे किंवा सप्टेंबर निवडा आणि विंचेस्टरहून ईस्टबोर्नकडे जा, कारण वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून असतो आणि पाठीशी राहतो. मुक्कामाची सोय आधी पक्की करा. टेकडीवर फारसं काही मिळत नाही, गावं सगळी पायथ्याशी आहेत. शेवटच्या दिवशी ऑल्फ्रिस्टनला वाट दुभंगते. सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून जाणारा फाटा फुटपाथ आहे. तुम्ही जेव्हिंग्टनमार्गे जाणारा निळ्या बाणाचा फाटा घ्यायचा, तोच तुम्हाला ईस्टबोर्नच्या कडेला उतरवतो.